ऊसतोडीच्या स्थलांतरावरचा प्रश्न आणि «प्रश्न उद्भवत नाही» हे उत्तर : दोष कुणाचा?

बालाघाट_कडा

ऊसतोडीच्या स्थलांतरावर आपल्या मराठवाड्यातल्या आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे चार-दोन ओळींत संपतात. लगेच ओरड होते की सरकार माहिती लपवते. मला वाटते, निम्म्याहून जास्त वेळा प्रश्नच कच्चा असतो.

प्रश्नाचा साचा सगळ्यांना माहीत आहे. (१) अमुक अमुक, हे खरे आहे काय. (२) असल्यास, चौकशी केली आहे काय. (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय. आता पहिल्या भागात कुणी लिहिले, «बीड जिल्ह्यातील सर्व ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण बंद पडले असून एकही वसतिगृह सुरू नाही, हे खरे आहे काय». जिल्ह्यात एक वसतिगृह चालू असले की «हे खरे नाही» असे उत्तर नियमाने बरोबर ठरते. दुसरा, तिसरा, चौथा भाग पहिल्यावरच टांगलेला, म्हणून पुढे तीनदा «प्रश्न उद्भवत नाही». सगळा प्रश्न एका «एकही» शब्दापायी वाया जातो.

पहिल्या भागात आरोप नको, आकडा मागावा. «किती», «कोणत्या तारखेपर्यंत», «तालुकानिहाय» असे विचारले की «खरे नाही» म्हणायला जागाच राहत नाही.

गोदाकाठ

भाऊ, साच्याबद्दल मान्य, पण दोष प्रश्नावर ढकलणे मान्य नाही. सप्टेंबर २०२० घ्या. लोकसभेत लेखी प्रश्न होता की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय. आरोप नाही, विशेषण नाही, सरळ आकडा मागितलेला. कामगार मंत्रालयाचे उत्तर आले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात परतलेल्या मजुरांचा आकडा मात्र शेवटच्या अंकापर्यंत होता : १,०४,६६,१५२. प्रश्नोत्तराचा तासही तेव्हा नव्हता. फक्त अतारांकित प्रश्न आणि लेखी उत्तरे, म्हणजे उपप्रश्न विचारायलाही कुणी उभे राहू शकत नव्हते.

नोंदच ठेवायची नाही आणि मग नोंद नाही म्हणून जबाबदारी नाही. प्रश्न कितीही घोटून लिहा, या भिंतीला तो धडकणारच. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यायचे होते, नोंदवह्या ठेवायच्या होत्या. त्या ठेवल्या असत्या तर आकडा गोळा करण्याची वेळच आली नसती.

मांजरा_खोरे

दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते आहे. १९७९ चा कायदा लागू व्हायला दोन अटी होत्या : पाच किंवा जास्त मजूर आणि राज्याची सीमा ओलांडणे. एकाच तांड्यावरची एक टोळी बेळगावकडे गेली तर ती आंतरराज्य स्थलांतरित, आणि दुसरी कोल्हापूर-सांगलीला गेली तर कायद्याच्या लेखी कुणीच नाही. आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत संख्या दहावर गेली, दुसऱ्या राज्यात जाण्याची अट तशीच राहिली. त्यामुळे «स्थलांतरित कामगारांची संख्या किती» असे मोघम विचारले की कामगार विभाग आंतरराज्य स्थलांतरितांपुरतेच उत्तर देतो. आपले बहुतेक लोक राज्यातच जातात, म्हणून आकडा हास्यास्पद वाटावा इतका लहान येतो. तो खोटा नसतो, वेगळ्याच माणसांचा असतो.

दुसरे, मोजायचे एकक. कारखाना आणि मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा) हिशोब धरतात कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) कोयत्यावर, करार मुकादमाशी किंवा तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. कारखान्याच्या हजेरीपटावर मजूर नसतोच. «कारखान्यांनी किती ऊसतोड कामगार नेमले» असे विचारले की «कारखाने थेट नेमणूक करत नाहीत» हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी विचारावे : गाळप परवाना घेताना किती तोडणी करार दाखवले, त्यात बैलगाडी, टायरगाडी आणि ट्रॅक्टर टोळ्या किती. म्हणजे बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही हे उत्तरातूनच उघड होईल. कोयत्याच्या हिशोबात तिचे नाव कुठेच नसते, आणि याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

लेखाशीर्ष_२२२५

खर्चाबद्दल कुणी बोलेना म्हणून. माझ्या मते खर्चावरचे उत्तर सगळ्यात कामाचे, कारण ते पडताळता येते. अट एकच, शब्द नेमका वापरावा.

«निधी किती दिला» हा निरुपयोगी प्रश्न. पाच वेगळे आकडे असतात : अर्थसंकल्पीय तरतूद, पुरवणी मागणीने वाढ, वितरित निधी, प्रत्यक्ष खर्च, आणि मार्चअखेर प्रत्यर्पित (न वापरता परत केलेली) रक्कम. तरतूद शंभर असते, वित्त विभाग साठ वितरित करतो, जिल्ह्यात चाळीस खर्च होतात. नुसता «निधी» विचारला की उत्तरात शंभर येतात. «खर्च» विचारला तरी फसगत होते. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठीच्या महामंडळाच्या बँक खात्यात रक्कम वळती झाली की कोषागाराच्या दृष्टीने तो खर्च झाला. लाभार्थ्याच्या हाती रुपयाही पोचलेला नसतो. म्हणून «महामंडळाच्या खात्यात ३१ मार्च रोजी अखर्चित शिल्लक किती» हे वाक्य घालायलाच हवे.

ऊसतोड महामंडळासाठी सूत्र असे : कारखान्याने गाळपाच्या टनामागे १० रुपये, तेवढेच शासनाने. राज्याचे गाळप एक हजार लाख टन धरले तर कारखान्यांकडून १०० कोटी, शासनाचे १०० कोटी. कारखानानिहाय गाळपाचे आकडे साखर आयुक्तालयाकडे असतातच. जमा रक्कम बाजूला ठेवली की थकबाकी कुणाची, हे त्रैराशिकाने निघते.

पॅकेजबद्दल एक. १६ सप्टेंबर २०२३ च्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिक, आणि सिंचनाच्या सुधारित प्रशासकीय मान्यता (सुप्रमा) धरून सुमारे ५९ हजार कोटी जाहीर झाले. मान्यता म्हणजे पैसा नव्हे. सुप्रमा ही फक्त प्रकल्पाची वाढलेली किंमत मान्य करते. विचारायचे ते असे : त्या दिवसानंतरच्या प्रत्येक अर्थसंकल्पात त्या कामांच्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली) किती तरतूद झाली.

पैठणगेट

एवढी कसरत कशाला? माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज, ३० दिवसांत उत्तर. आमदाराच्या मागे फिरायला नको, लॉबीत प्रश्न मागे घेतला जाण्याची भीती नाही. विधिमंडळातले उत्तर मंत्री देतात, ते राजकीय असते. अर्जाला कागदाची प्रत मिळते, आणि कागद म्हणजे पुरावा. सभागृहाच्या उत्तरावर विसंबणे मला चुकीचे वाटते.

बालाघाट_कडा

पैठणगेट, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांचा. आठ जिल्ह्यांची तालुकानिहाय माहिती मागितली की तो पंचायत समित्यांकडे वर्ग होत जातो आणि प्रत्येक कार्यालय आपला तुकडा देते. नाही दिला तर पहिले अपील, मग आयोगाच्या खंडपीठापुढे वर्ष-दोन वर्षांची रांग. विधिमंडळाचा प्रश्न विभागाकडून आयुक्तालय, जिल्हाधिकारी, तहसील असा खाली जातो आणि अधिवेशनाच्या तारखेला बांधलेला असतो. खोटे उत्तर दिले तर हक्कभंग मांडता येतो. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा, असेल तर उपप्रश्न असतो, आश्वासन दिले तर आश्वासन समिती मागे लागते.

२०१९ चे उदाहरण. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी प्रश्न लावला. आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सभागृहात सांगितले. तो आकडा एकदा कामकाजात आला आणि समिती नेमावी लागली.

गोदाकाठ

उदाहरण माझ्या बाजूचे आहे, भाऊ. ४,६०५ हा आकडा जिल्ह्यातल्या शस्त्रक्रियांचा. समितीने नंतर ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांचे सर्वेक्षण केले, त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पहिले उत्तर दवाखाना मोजून आले, दुसरे बाई मोजून. म्हणजे नेमक्या प्रश्नालाही पहिल्या फेरीत अपुरे चित्र मिळाले आणि घरोघर गेल्यावरच खरे उघडे पडले. ज्या खात्याने आधी मोजले नाही, त्याच्या उत्तराला पुरावा म्हणणे घाईचे.

आणि वेळ बघा. हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरात. टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उठलेल्या. प्रश्न आला म्हणून ग्रामसेवक तेव्हा गावात मोजायला गेला तर कुलूप लावलेली घरे. मग कागदावर «निरंक» किंवा गेल्या वर्षीचाच आकडा. मोजणी सप्टेंबरात, उचल वाटप चालू असताना व्हायला हवी.

उमरगा_सीमा

परदेशी जाणाऱ्यांबाबतही हाच गोंधळ. नांदेड, लातूर, संभाजीनगरची पोरे आखातात जातात आणि संसदेतल्या उत्तरातला राज्याचा आकडा चिमूटभर दिसतो. तो १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते त्यांचाच असतो. दहावी पास असलेल्याला ती लागत नाही. जिल्ह्याचा आकडा त्यात मिळत नाही.

बालाघाट_कडा

गोदाकाठ, सप्टेंबरचा मुद्दा पटला. तो धरून मसुदा टाकतो. विभाग वेगळे, म्हणून प्रश्नही वेगळे. सगळे एकत्र केले तर «ही बाब या विभागाशी संबंधित नाही» म्हणत फिरवले जाते.

सामाजिक न्याय विभागाला : (१) ३० सप्टेंबरपर्यंत ग्रामसेवकांनी दिलेली ऊसतोड कामगार ओळखपत्रे तालुकानिहाय व स्त्री-पुरुषनिहाय किती, (२) ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी मंजूर ८२ संत भगवानबाबा वसतिगृहांपैकी प्रत्यक्ष सुरू किती, प्रत्येकाची १०० ची क्षमता व १ डिसेंबरची हजेरी किती, (३) महामंडळाकडे कारखानानिहाय जमा, शासनाचा हिस्सा, आणि ३१ मार्चची अखर्चित शिल्लक किती.

सहकार विभागाला : कारखानानिहाय गाळप, देय अंशदान, भरलेली रक्कम.

शालेय शिक्षण विभागाला : हंगामी वसतिगृहे (आईबाप तोडीला गेल्यावर गावात राहणाऱ्या मुलांसाठीची) कोणत्या तारखेला सुरू झाली आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात पैसे कोणत्या तारखेला आले.

मांजरा_खोरे

शेवटच्यात दोन्ही तारखा मागितल्या हे उत्तम. पैसे जानेवारीत आणि वसतिगृह नोव्हेंबरात दाखवले तर मधले दोन महिने जेवण कुणाच्या उधारीवर, हे तिथेच विचारता येईल. पहिल्या प्रश्नात «स्त्री-पुरुषनिहाय» च्या पुढे «स्वतंत्र ओळखपत्र, जोडीचे नव्हे» असे घाला. नाहीतर कोयता मोजूनच उत्तर येईल.

गोदाकाठ

मसुदा चांगला आहे, पण यात नोंद न ठेवणाऱ्याला कारण विचारलेलेच नाही. प्रत्येक प्रश्नाला शेवटचा भाग जोडा : «ही माहिती उपलब्ध नसल्यास, ती ठेवण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे व नोंद कोणत्या तारखेपासून सुरू होईल.» इथे «प्रश्न उद्भवत नाही» लिहिता येत नाही, कारण हा भाग माहिती नसल्यावरच उद्भवतो.