‘जग’ आणि ‘जग’ : एका अक्षरात दोन स्वनिम?

ओसरी : भाषाविज्ञानाची प्राथमिक ओळख करून देणारा एक मजकूर मराठीत आणत आहे आणि एका उदाहरणापाशी अडले आहे. मूळ मजकुरात ‘पिन’ आणि ‘बिन’ हे इंग्रजी शब्द घेऊन असे समजावले आहे की एकाच जागचा एक ध्वनी बदलल्याने अर्थ बदलत असेल, तर ते दोन ध्वनी त्या भाषेत वेगळे स्वनिम ठरतात. मराठी विद्यार्थ्याला मराठी जोडी मिळावी म्हणून मी ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (‘जगणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थ) ही जोडी घातली. संपादकांनी ती खोडून शेरा दिला, “दोन्हींत वर्ण एकच आहे, हा केवळ उच्चारभेद आहे, त्याऐवजी काल–काळ घ्यावे.” काल–काळ ही जोडी निर्दोष आहेच, परंतु माझ्या जोडीवरचा आक्षेप मला पटत नाही. मराठीत तालव्य ज (जीभ टाळूला लागून होणारा, विश्व या अर्थाच्या ‘जग’मधला) आणि दंततालव्य ज (दातांजवळ होणारा, ‘जगणे’मधला) हे दोन स्वनिम मानावेत की नाही? आणि ‘स्वनिम’ हा शब्द वापरावा, की ‘वर्ण’ पुरेसा आहे? चर्चेच्या सोयीसाठी दंततालव्य ध्वनीखाली टिंब देते : जग आणि ज़ग, चहा आणि च़मच़ा.

पारंबी : आपली जोडी अगदी योग्य आहे आणि ती एकटीही नाही. गणितातले ‘चल’ आणि ‘च़ल घरी’ यांतले ‘च़ल’ पाहा. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘ज़रा’ म्हणजे थोडे. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरांना च़ार’ यातले क्रियापद. संपादकांची गफलत अशी झाली आहे की त्यांनी अक्षर मोजले, ध्वनी मोजला नाही. आपली वर्णमाला संस्कृताच्या ध्वनींवर बेतलेली आहे आणि संस्कृतात च़, ज़ नसल्याने त्यांना वेगळी अक्षरे मिळाली नाहीत, इतकेच. उलट दिशेलाही तसेच झाले आहे : श आणि ष ही दोन अक्षरे आपण लिहितो, पण आज बहुतेकांच्या तोंडी त्यांचा उच्चार एकच आहे.

इंग्रजी उदाहरणही पुरते उलगडून सांगावे, असे सुचवतो. इंग्रजी भाषकाच्या ‘पिन’मधल्या प ला हकाराची झाक असते, ‘स्पिन’मधल्या प ला ती नसते, आणि तरीही त्याला दोन्ही एकच ध्वनी वाटतात, कारण त्याच्या भाषेत त्या फरकावर अर्थ अवलंबून नाही. आपल्याकडे मात्र तेवढ्याच हकाराच्या फरकाने ‘काट’ आणि ‘खाट’ हे दोन वेगळे शब्द होतात. ध्वनी तोंडात जवळजवळ तेच, भाषेने लावलेली व्यवस्था वेगळी. ही गोष्ट विद्यार्थ्याला कळली, की बाकीचे आपोआप कळते.

काजवा : पारंबी यांच्या जोड्या खऱ्या आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष इतका सरळ नाही. आज़ा–आजी, माझ़ा–माझी, मोज़ा–मोजे, घरच़ा–घरची–घरच्या ही रूपे पाहावीत. इ, ई, ए आणि य यांच्याआधी दंततालव्य ध्वनी नियमाने तालव्य होतो. म्हणजे या रूपांत तरी च आणि च़ ही एकाच घटकाची परिसरानुसार बदलणारी दोन रूपे आहेत.

मग अ आणि आ यांच्याआधी येणारा तालव्य च कुठून आला? ‘चार’ या शब्दाचे उदाहरण बोलके आहे. जुन्या कागदपत्रांत तो ‘च्यार’ असा लिहिलेला आढळतो. प्राकृतातले ‘चत्तारि’ आपल्यापर्यंत येताना मध्ये कुठेतरी य चा अंश मिळाला आणि त्या य ने च ला तालव्य राखले. अनेक गावांत चहाला ‘च्या’ म्हणतात, तिथेही हाच य ऐकू येतो. तेव्हा चार म्हणजे मुळात च़+य+आर, असे मानले तर एकच स्वनिम पुरतो आणि नियमही सुटसुटीत होतो.

पारंबी : नियम सुटसुटीत होतो, पण बोलणाऱ्याच्या कानाला तो मान्य आहे का, हे पाहावे लागेल. ‘जय’, ‘जन’, ‘चंद्र’, ‘चरण’ या तत्सम शब्दांत कुठलाही य नव्हता आणि नाही. त्यांत केवळ हिशेब जुळावा म्हणून न दिसणारा य घालायचा, हे मला पटत नाही. शिवाय ए पुढे असतानाही नियम सर्वत्र चालत नाही. आमच्या घरी ‘तो पुस्तक वाच़ेल’ असे दंततालव्यच म्हणतात आणि ‘चेहरा’ मात्र तालव्य.

काजवा : आमच्याकडे ‘वाचेल’ तालव्यच ऐकू येते. म्हणजे एकाच प्रमाण भाषेत दोन कुटुंबे दोन व्यवस्था चालवत आहेत, आणि तेच मला महत्त्वाचे वाटते.

निवडुंग : मला या चर्चेत एका मूलभूत गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. ध्वनी आणि व्याकरणातला घटक यांतला भेद आपल्या परंपरेला परका नाही. पाणिनीने ‘तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्’ (तोंडातली जागा आणि उच्चाराचा प्रयत्न सारखा असेल, ते ध्वनी सवर्ण) असे सांगून कोणते ध्वनी एका कुळातले मानायचे, ते ठरवले. ऱ्हस्व अ उच्चारात संवृत (तोंड कमी उघडून होणारा) आहे आणि आ विवृत (तोंड अधिक उघडून होणारा) आहे, म्हणजे त्या व्याख्येप्रमाणे ते सवर्ण ठरू नयेत. पण संधी आणि इतर कार्यांसाठी ते सवर्ण असणे आवश्यक होते, म्हणून संपूर्ण शास्त्रात अ विवृत धरला आणि ‘अष्टाध्यायी’ या त्याच्या ग्रंथाच्या अगदी शेवटच्या ‘अ अ’ या सूत्राने (8.4.68) त्याला पुन्हा संवृत केले. व्यवस्थेतला अ आणि तोंडातला अ वेगळे ठेवण्याची इतकी स्वच्छ जाणीव ज्या परंपरेत आहे, तिचा ‘वर्ण’ हा शब्द टाकून नवा शब्द कशासाठी घडवायचा?

ओसरी : सूत्राचे उदाहरण फार मोलाचे आहे, मी ते मजकुरात घेण्याचा प्रयत्न करीन. पण अडचण अशी, की शाळेपासून ‘वर्ण’ म्हणजे वर्णमालेतले अक्षर असेच मनावर बिंबलेले असते. संपादकांचा शेरा त्यातूनच आला आहे. ‘वर्ण’ वापरला, तर वाचणारा पुन्हा लिपीकडेच पाहील.

पळसफूल : मी वऱ्हाडातला आहे, म्हणून ‘काल–काळ’ या निर्दोष म्हटल्या गेलेल्या जोडीविषयी लिहितो. आमच्या बोलीत ळ च्या जागी य येतो. काळा म्हणजे ‘काया’, डोळा म्हणजे ‘डोया’. माझी आजी गाळाला आणि गाईला एकाच उच्चाराने संबोधत असे आणि विहिरीच्या काठावर कुणाचाही कधी गोंधळ झालेला मी पाहिला नाही. पुढे शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर ‘तुम्हाला ळ येत नाही’ हे वाक्य अनेकदा ऐकावे लागले. आम्हाला ळ येत नाही असे नसून आमच्या बोलीने ध्वनींची वाटणी वेगळी केली आहे, हे मजकुरात कुठेतरी स्पष्ट असावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

निवडुंग : आपल्या बोलीविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. पाठ्यपुस्तकाला कुठलीतरी एक भाषा समोर ठेवावीच लागते. ळ–ल, ण–न हे भेद सुटू लागले तर मण आणि मन, वेळ आणि वेल, कळ आणि कल यांची सरमिसळ होईल. भेद टिकवणे ही भाषेची संपत्ती टिकवणे आहे.

पळसफूल : मग तीच संपत्ती प्रमाण मराठीने घालवली, तेव्हा तिला कुणी अशुद्ध का म्हटले नाही? दिन आणि दीन, सुत आणि सूत हे शब्द लिहिताना वेगळे आहेत, बोलताना त्यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुतेकांच्या तोंडी अर्थ ठरवत नाही. भेद पुण्याकडे गळला तर तो विकास आणि अमरावतीकडे गळला तर तो दोष, हे मोजमाप मला न्याय्य वाटत नाही.

भरतीओहोटी : पळसफूल यांच्या मुद्द्याला कोकणातून एक जोड देते. जुन्या लेखनात ‘माझें घर’ आणि ‘माझे भाऊ’ यांत अनुस्वाराचा फरक होता, कारण एकेकाळी तो उच्चारात होता. प्रमाण बोलण्यातून अनुनासिक गेला आणि 1962 च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वारही काढले. चित्पावनी बोलीत आणि गोव्याच्या कोंकणीत अनुनासिक स्वर आजही जिवंत आहेत. तेव्हा स्वनिम कोणते, हा प्रश्न विचारण्याआधी कुणाच्या मराठीचे, हे विचारावे लागते.

पारंबी : च़ च्या इतिहासाचा एक धागा इथे नोंदवतो, कारण तो मला सर्वांत सुंदर वाटतो. च–च़, ज–ज़, झ–झ़ अशा जोड्या आहेत, पण छ ला जोडीदार नाही. का नाही? कारण त्या जागेवरचा ध्वनी स मध्ये विरघळला. हिंदीत ‘पूछना’ आणि आपल्याकडे ‘पुसणे’. छुरीची आपल्याकडे ‘सुरी’ झाली. प्राकृतातल्या मच्छ चा ‘मासा’ झाला, परंतु मच्छिआ ची ‘माशी’ झाली, आणि इथे ई समोर स न येता श आला. हीच वाटणी म्हैस–म्हशी या रूपांत दिसते. म्हणजे मासा आणि माशी यांच्यात जे अंतर आहे, तेच आज़ा आणि आजी यांच्यात आहे. पुढचा स्वर जिभेला टाळूकडे ओढतो, एवढ्या एका प्रवृत्तीने ही सगळी रचना उभी राहिली आहे. त्यासाठी बाहेरचे कारण शोधण्याची गरज नाही.

काजवा : बाहेरचे कारण इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही. शेजारच्या तेलुगूत हीच वाटणी आहे : देशी शब्दांत अ, उ, ओ यांच्याआधी च़ आणि इ, ए यांच्याआधी च. तेलुगू लिपीत च़ आणि ज़ साठी स्वतंत्र चिन्हेही होती आणि 2008 साली युनिकोडने त्यांना जागा दिली. हिंदीत मात्र हे काही नाही. शेकडो वर्षे एकमेकींना लागून राहिलेल्या दोन भाषांत इतके साम्य केवळ योगायोगाने येईल?

पारंबी : काश्मिरीतही च आणि च़ वेगळे आहेत आणि नागरीत लिहिताना तिथे टिंब देतात. काश्मीरला तेलुगूचा शेजार नाही.

काजवा : काश्मिरीचा इतिहास वेगळा आहे, त्यामुळे ते उदाहरण मराठीविषयी काही सिद्ध करत नाही. छ पासून स झाल्याचा पुरावा मला मान्य आहे, पण तो बदल आपोआप सुरू झाला की शेजारामुळे, हे त्यातून कळत नाही.

ओसरी : च्यार–चार आणि मासा–माशी या दोन्ही गोष्टी मी टिपून घेतल्या आहेत. संपादकांकडे जोडी पुन्हा पाठवते आहे, सोबत चल–च़ल जोडून. मात्र ‘वर्ण’ की ‘स्वनिम’ यावर निवडुंग यांच्याखेरीज कुणी स्पष्ट मत दिलेले नाही.

पळसफूल : त्याआधी एक विचारायचे होते. ‘जमीन’ या शब्दात आपण सर्वजण कोणता ज म्हणता? आमच्याकडे ज़मीन म्हणतात, आणि आकाशवाणीवर मी दोन्ही ऐकले आहेत.

निवडुंग : जमीन, तालव्य.

भरतीओहोटी : आमच्याकडे ज़मीन. फारसीतला मूळ ध्वनी पाहिला, तर ज़ कडेच झुकायला हवे.