अंतराळयानाच्या नावाआधीची अक्षरं: अर्थ हवा, की नुसता रुबाब पुरे?

गलबत_१२ (धागाकर्ता)

आम्ही चौघं मित्र गेले सात-आठ महिने दर रविवारी कोथरूडला एकाच्या घरी बसून एक छोटा अंतराळगेम बनवतोय. कथा झाली, नकाशे झाले, इंजिनाचा आवाजही मनासारखा जमला. गाडी अडलीय ती यानाच्या नावावर. नाव ‘तोरणा’ हे सगळ्यांना मान्य आहे, वाद आहे तो त्याच्या आधी लावायच्या अक्षरांचा. आमच्यातला एक म्हणतो, कुठलीही तीन दणदणीत अक्षरं टाका, अर्थ कोण विचारतंय? मला हे अजिबात पटत नाही.

खऱ्या नौदलात ही अक्षरं म्हणजे जहाज कोणाच्या हुकमाखाली आहे याची खूण असते. जुन्या विक्रांतचंच बघा. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये बांधायला घेतली तेव्हा ती ‘हर्क्युलीस’ होती. १९६१ मध्ये आपल्या नौदलात आली आणि ‘आयएनएस विक्रांत’ झाली, आयएनएस म्हणजे इंडियन नेव्हल शिप. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली आणि मुंबईत तिचं संग्रहालय झालं, तेव्हा नावाआधी ‘आयएमएस’ लागलं, म्हणजे इंडियन म्युझियम शिप. शाळेच्या सहलीत मी त्या डेकवर उभा राहिलोय. पोलाद तेच होतं, एका अक्षराने मालक बदलला होता. नवी विक्रांतसुद्धा २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल होईपर्यंत ‘आयएसी-१’ (इंडिजिनस एअरक्राफ्ट कॅरियर, म्हणजे स्वदेशी विमानवाहू जहाज) होती. आयएनएस ही अक्षरं जहाजाला मिळवावी लागतात.

चांगल्या गेममध्ये हे नेमकं वापरलेलं दिसतं. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात (२००७) आपलं यान ‘एसएसव्ही नॉर्मंडी’ असतं, कारण ते अलायन्सच्या, म्हणजे त्या जगातल्या माणसांच्या सरकारच्या, आरमाराचं आहे. दुसऱ्या भागात (२०१०) तसंच नवं यान सर्बेरस ही संघटना बांधून देते आणि एसएसव्ही गायब होतं. तिसऱ्या भागात अलायन्स ते यान ताब्यात घेते आणि अक्षरं परत येतात. एक संवादही न लिहिता तीन भागांची निष्ठा सांगून झाली. ‘कुठलीही तीन अक्षरं’ टाकली असती तर हे जमलं असतं का?

निळी_शाई

असहमत. तो मित्र मीच, तेव्हा इथेही भांडून घेतो.

तू दिलेलं उदाहरण तुझ्याच विरोधात जातं. एसएसव्हीचा विस्तार काय? सिस्टिम्स अलायन्स स्पेस व्हेईकल. मग अलायन्सचा ‘ए’ कुठे गेला? तो गाळला, कारण ‘एसएएसव्ही’ जिभेवर बसत नाही. म्हणजे लिहिणाऱ्यांनीही कानाचंच ऐकलं. आणि दुसऱ्या भागात यान बदललंय हे मला त्या अक्षरांवरून कळलं नाही. यानावरचं सर्बेरसचं चिन्ह, आतले रंग आणि समोर बसलेली माणसं बघून कळलं.

‘हेलो’चं बघ. तिथे ‘यूएनएससी पिलर ऑफ ऑटम’. त्या जगात यूएनएससी म्हणजे युनायटेड नेशन्स स्पेस कमांड. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत ही चार अक्षरं म्हण, सुरक्षा परिषद सोडून दुसरं उत्तर मिळणार नाही. तरी २००१ पासून लोक तो गेम खेळताहेत आणि कोणाचं काही अडलेलं नाही. खेळणाऱ्याला हवा असतो भारदस्तपणा. मागे मोठी फौज आहे, शिस्त आहे, असं वाटलं की अक्षरांचं काम झालं.

आणि अर्थ लोक नंतर चिकटवतातच. लोहगाव विमानतळावर कुठल्याही भारतीय प्रवासी विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ दिसेल. कित्येक वर्षं लोक ठामपणे सांगतात की ते ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’. प्रत्यक्षात १९२० च्या दशकात रेडिओ संकेतांची अक्षरं देशोदेशी वाटली गेली, त्यात ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्याला आलेल्या ‘व्ही’च्या गटातून आपल्याला ती मिळाली. नुसतं वाटप होतं, अर्थ मागाहून जोडला गेला.

गलबत_१२

व्हीटीचा मुद्दा चांगला आहे, पण तो नोंदणीचा संकेत झाला. आपल्या गाडीवरच्या एमएच-१२ सारखा. एमएच-१२ गाडी कुठे नोंदली ते सांगतं, गाडीत बसलेला कोणाचा हुकूम पाळतो ते सांगत नाही. मी बोलतोय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल.

घाटमाथा

दोघांचंही वाचलं. माझं बालपण लोणावळ्यात गेलं, म्हणून एक भर घालते. आमच्या गावात ‘आयएनएस शिवाजी’ आहे. लहानपणी मला वाटायचं की तिथे आत कुठेतरी तलावात मोठं जहाज असणार. जहाज नाहीच. ती नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे, घाटमाथ्यावर, समुद्रापासून कितीतरी दूर. १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा ‘एचएमआयएस शिवाजी’ होती, म्हणजे हिज मॅजेस्टीज इंडियन शिप. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, राजाचं नाव गेलं आणि आयएनएस झालं.

म्हणजे ‘शिप’ हा शब्द तिथे शब्दशः खोटा आहे. डोंगरावरच्या इमारतींना जहाज म्हटलंय! मग अक्षरांच्या अर्थाला एवढं धरून कशाला बसायचं?

गलबत_१२

घाटमाथाताई, मला तर यातच माझ्या म्हणण्याचा पुरावा दिसतो. समोरची वस्तू काय आहे हे त्या अक्षरांना सांगायचंच नसतं, ती कोणाची आहे हे सांगायचं असतं. इमारत असली तरी तिथे हुकूम नौदलाचा चालतो, म्हणून आयएनएस. आणि १९५० मध्ये इमारत तीच राहिली, वरची सत्ता बदलली, तर अक्षरं बदलली. याहून स्वच्छ उदाहरण मलाही सुचलं नव्हतं.

पेठेतली_दुर्बीण

इथे मात्र धागाकर्त्याशीही असहमत. ‘कोणाची आहे एवढंच सांगायचं’ हा नियम सगळीकडे लागू नाही. ‘फ्रीस्पेस’ (१९९८) खेळलाय का कोणी? त्यात ‘जीटीडी गॅलेटिया’ असतं. जीटीडी म्हणजे गॅलॅक्टिक टेरन डिस्ट्रॉयर, टेरन म्हणजे पृथ्वीची माणसं. तीन अक्षरांत पक्ष आणि यानाचा प्रकार दोन्ही. क्रूझर असेल तर शेवटी ‘सी’. धुमश्चक्रीत पडद्यावर वीस नावं असताना कोणावर तुटून पडायचं आणि कोणापासून लांब राहायचं हे त्या शेवटच्या अक्षरावरून कळतं. खेळणाऱ्याला रोज उपयोगी पडणारा अर्थ आहे हा, नुसता रुबाब नाही.

खऱ्या नौदलांत ही दोन कामं वेगळी ठेवतात. आपल्याकडे प्रकाराचं अक्षर जहाजाच्या अंगावरच्या क्रमांकात असतं, ‘आयएनएस दिल्ली’ या विनाशिकेवर ‘डी ६१’, विक्रांतवर ‘आर ११’. पण अमेरिकेतसुद्धा १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या आदेशाने ‘यूएसएस’ सरसकट ठरेपर्यंत नावाआधी काय लिहायचं याचा एक नियम नव्हता.

अजून एक. फ्रीस्पेसमध्ये शत्रूच्या यानालाही अक्षरं आहेत, ‘एसडी ल्युसिफर’. शिवन हे तिथले परग्रहावरचे शत्रू, ते आपल्याशी बोलतच नाहीत. ती अक्षरं आणि ते नाव माणसांनी ठेवलंय. म्हणजे तिथे अक्षरं मालकाने दिलेलीच नाहीत, घाबरलेल्या शत्रूने दिलीत. हुकमाच्या तुमच्या सिद्धांतात हे कुठे बसवाल?

गलबत_१२

बसत नाही, मान्य. शत्रूने ठेवलेलं नाव ही वेगळीच जात आहे आणि ती मी धरली नव्हती. आमच्या कथेत परकी यानं आहेत, तिथे हे वापरता येईल.

निळी_शाई

बघ, म्हणजे अर्थ एकच असतो हे तर तुटलं.

घाटमाथा

अक्षरं नसणं हाही अर्थ असतो ना? ‘सिस्टिम शॉक २’ (१९९९) मध्ये दोन यानं एकमेकांना जोडून निघालेली असतात. लष्कराचं ते ‘यूएनएन रिकनबॅकर’, आणि कंपनीचं ते नुसतं ‘व्हॉन ब्राउन’. एकाच प्रवासाला निघालेत, पण सरकारला कंपनीवर नजर ठेवायचीय हे नावं शेजारी लिहिली की दिसतं. मघाशी मी विरोधात लिहिलं होतं, पण हे आठवल्यावर मत बदललं.

मसाप_मार्गे

सगळे इंग्रजी अक्षरांवरच भांडताय. यानाचं नाव तोरणा, खेळणारे मराठी, तर प्रिफिक्स मराठी का नको? आपल्याकडे आद्याक्षरं जोडली की उच्चारता येणारा शब्द तयार होतो. मसाप, मनपा, शेकाप, अंनिस. इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचावी लागतात, ही एका दमात म्हणता येतात. ‘भारतीय अंतराळ नौका’चं ‘भाअंनौ’ होईल, ते जरा अडखळतं. पण ‘मराठी आरमार’ वगैरे धरून काही बघा. शब्दाचं लिंगही ठरवा. ‘नौका’ घेतलं तर तोरणा ‘ती’ होईल, ‘यान’ घेतलं तर ‘ते’. संवाद लिहिताना पानोपानी हा प्रश्न येणार आहे.

निळी_शाई

हे मला आवडलं, कारण इथे आधी कान आहे. ‘गगन आरमार नौका’, गआनौ? नको. ‘नभ आरमार’ घेतलं तर ‘नआ’, तेही नको. पण दिशा बरोबर आहे. दोन अक्षरांत बसलं पाहिजे आणि रेडिओवरच्या खरखरीतही ऐकू आलं पाहिजे.

गलबत_१२

‘नभा’ कसं वाटतं? नभ-आरमारातली पहिली तीन अक्षरं जशी कानाला लागतात तशी. ‘नभा तोरणा’. आरमाराची आहे हे कळतं, आणि नौका धरल्यामुळे ती ‘ती’च राहील.

आणि ही अक्षरं खेळणाऱ्याला पहिल्याच पडद्यावर द्यायची नाहीत. सुरुवातीला यानावर फक्त ‘गोदी ७’ लिहिलेलं. पहिली मोहीम पार पडली की रंगाऱ्याचा रोबो येऊन ‘नभा तोरणा’ रंगवतो. चौथ्या प्रकरणात कप्तान आरमाराचा हुकूम मोडतो, तेव्हा ‘नभा’ खरवडून काढलेलं दिसेल, नुसतं तोरणा उरेल.

निळी_शाई

‘नभा’ला माझं हो. खरवडलेल्या जागेवर जुन्या रंगाचा पुसट ठसा राहिला पाहिजे, तो मी काढतो. अर्थाबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे. खेळणाऱ्याला तो ओरखडा दिसेल, नभाचा विस्तार त्याला कळला नाही तरी चालेल.

पेठेतली_दुर्बीण

शेवटी प्रकाराचं अक्षर नाहीच का? मालवाहू आणि लढाऊ यानं एकत्र आली की पडद्यावर गोंधळ होईल, आत्ताच सांगून ठेवतो.

गलबत_१२

ते अंगावरच्या क्रमांकात घालू, दिल्लीसारखं. लढाऊला ‘ल’, मालवाहूला ‘मा’. तोरणा ‘ल ७’.