आठवणीच्या कपड्यांची गोधडी: विरलेलं रेशीम, जीन्स आणि नोंदी यांचं काय करावं?

दुपदरी (प्रश्न)

तीन पिढ्यांच्या कपड्यांतून हाताने गोधडी शिवायची आहे. तयार माप 150 × 200 सेंमी. जमलेले कपडे असे: 11 सुती शर्ट, 2 सुती साड्या, घडीवर विरलेली एक रेशमी साडी, एक जीन्स, दोन टी-शर्ट. गोधडी रोज पांघरायची आहे, कपाटात ठेवायची नाही. वरचा थर 12 सेंमीच्या चौकोनांचा करायचा विचार आहे. दोन्हीकडे 1 सेंमी शिवणीत गेलं की 10 सेंमी उरेल, म्हणजे 15 × 20 असे 300 तुकडे. कापड एवढं पुरेल का? आत कापूस हवा की साडीच पुरे? आणि कोणता तुकडा कोणाचा, का जपलेला, हे गोधडीबरोबरच कसं टिकवायचं? वेगळी वही चार वर्षांत हरवते.

धावदोरा

कात्री लावण्याआधी प्रत्येक कपडा खिडकीपाशी उजेडात धरा. जिथून उजेड जास्त झिरपतो तिथे वीण झिजलेली असते. शर्टात ही ठिकाणं ठरलेली: कोपर, काखेखाली, कॉलरच्या मागे. चांगलं कापड मिळतं पाठीतून आणि पुढच्या भागाच्या खालच्या अर्ध्यातून. पाठीतून 20, पुढून पाच-सहा, म्हणजे मोठ्या मापाच्या शर्टातून साधारण 25 चौकोन. 11 शर्टांचे 275 होतात, उरलेले साड्यांच्या तुकड्यांतून निघतील.

साड्यांचा हिशोब असा. साडी साडेपाच मीटर लांब, 110 सेंमी पन्ह्याची धरली, तर 210 सेंमीचे दोन भाग कापून लांबीत जोडा. जोड वजा जाता 218 सेंमी रुंदी मिळते. त्यातून 160 ठेवा, कारण धावदोरा घालताना कापड आक्रसतं आणि चारी बाजूंनी 5 सेंमी जास्त नसेल तर शेवटी अस्तर अपुरं पडतं. बाजूला निघणाऱ्या 58 सेंमीच्या पट्ट्यातून 6 सेंमी रुंद आणि 210 लांब अशा चार पट्ट्या काढा. घेर 7 मीटर आहे, काठाला त्या पुरतात. एक साडी अस्तराला, दुसरी मधल्या थराला. अस्तराचा जोड मधोमध घ्या, मधल्या थराचा एका बाजूला सरकवा. दोन जोड एकावर एक आले की तिथे सुई अडते आणि दोरा तुटतो.

कापूस टाळा. पिंजलेला कापूस दूरदूरच्या टाक्यांत धरून राहत नाही, दोन-तीन धुण्यांत त्याचे गोळे होतात. तुम्ही 2 सेंमीवर ओळी घालणार असाल तर तीन थरांना तेवढंच वजन झेपतं. ऊब जास्त हवी असेल तर जुनी चादर चौथा थर म्हणून घाला. पाचव्या थरापासून हाताचे टाके मोठे आणि वाकडे होऊ लागतात.

जीन्स वापरायची तर तिचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवा, झिजलेल्या शर्टाला चिकटून नको. ताण नेहमी अशक्त कापडावर येतो आणि ते शिवणीलगत फाटतं. टी-शर्ट ताणतो, म्हणून कापण्याआधीच मागून पातळ चिकट अस्तर इस्त्रीने लावा. नंतर लावलं तर चौकोन चौकोन राहत नाही.

रंग तपासायलाच हवा. ओला पांढरा फडका लाल, काळ्या आणि निळ्या कापडावर घासा. फडका रंगला तर तो कपडा पाण्यात भिजवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही, ती समजूत चुकीची आहे.

दोरा सुतीच घ्या, 250 मीटर, एकाच लॉटचा. जुन्या कापडात मजबूत पॉलिस्टर दोरा नको: ओढ बसली की तो कापडच कापतो. सुती दोरा तुटला तर पुन्हा भरता येतो. सुईत एका वेळी 45 सेंमीच ओवा, त्याहून लांब दोऱ्याला पीळ बसतो आणि तो पिंजतो.

थर एकावर एक घातल्यावर मधून कडेकडे जात 10 सेंमीवर कच्चे टाके घाला. कडेकडून सुरुवात केली तर मधे फुगा येतो आणि तो शेवटी सुरकुती होऊनच बसतो.

मलमल

वरच्या उत्तरात रेशमाचं राहिलं. रेशमातला डिंक काढला की वजन घटतं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कथिलाचे क्षार चढवले जात. असं रेशीम वर्षांनुवर्षांत ठिसूळ होतं, आणि घडीवर आधी जातं. तुमची साडी तशीच आहे असं नाही, पण परीक्षा सोपी आहे: काठाजवळचा तुकडा आधी उभ्या, मग आडव्या धाग्याने हलकेच ओढा. चर्र आवाज आला किंवा धागे सुटले तर ती रोजच्या गोधडीत घालू नका. सुईचं प्रत्येक भोक तिथे फाटण्याची नवी जागा होईल.

घालायचीच असेल तर तीन-चार चौकोन पुरेत. मागे मलमल, मधे रेशीम, वर बारीक जाळीचं कापड, हे तिन्ही थर कडेने एकत्र टाचा. धावदोऱ्याची ओळ रेशमातून न नेता कडेने वळवा. जागा पायाकडची. डोक्याकडच्या कडेला हात, घाम आणि ओढ सगळ्यात जास्त.

उलटी टीप

नोंदीबद्दल. हॅरिएट पॉवर्स या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या, गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीची 1886 च्या सुमाराची बायबलची चित्रगोधडी आज नीट वाचता येते, कारण विकत घेणाऱ्या बाईने पॉवर्स यांच्याकडून अकराही चौकटींचा अर्थ ऐकून लिहून ठेवला. अलाबामातल्या गीज बेंड इथे मिझूरी पेटवे यांनी 1942 मध्ये वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, हे त्यांच्या मुलीने सांगितलं म्हणून कळलं. नुसतं कापड बघून यातलं काहीच उमगलं नसतं.

म्हणून ओळख (कपड्यांच्या नोंदीची कापडी चिठ्ठी) अस्तरातच शिवा, आणि धावदोरा घालण्याआधी. टाके तिच्यातून आरपार गेले की ती निघत नाही. 15 × 20 सेंमीचं पांढरं सुती कापड घ्या, त्यावर वरच्या थराचा नकाशा काढा: आडव्या ओळींना अंक, उभ्यांना अक्षरं. 300 घरं लिहू नका, कपडे सतरा आहेत. प्रत्येकाला एक खूण द्या. खुणेसमोर कोणाचा, साधारण कधीचा, कशासाठी वापरला. शिवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण झाल्याची तारीख विसरू नका, बहुतेक गोधड्यांवर हेच नसतं.

आणि रफू केलेला तुकडा टाकून देऊ नका. मागे मलमल लावून मधल्या ओळीत घ्या. कोणी, किती बारीक टाक्यांनी तो कपडा वाचवला हे तिथेच दिसतं.

दुपदरी

शर्टाचे खिसे आणि बटणं तशीच ठेवावीत का? आणि ओळख शाईने लिहावी की भरावी?

धावदोरा

खिसा ठेवा, तोंड शिवून टाका, नाहीतर धुताना पाय-बोट अडकून फाटतो. बटणं काढा. रात्री ती टोचतात आणि धुताना शेजारचं कापड घासतात.

उलटी टीप

बटणांबाबत सहमत, पण एखादं अस्तराच्या कोपऱ्यात, ओळखीजवळ शिवायला हरकत नाही. नावं-तारखा भरा: दोन पदरी दोऱ्याने उलटी टीप, अक्षर 1 सेंमीहून लहान नको. बाकी मजकूर कापडावर टिकणाऱ्या पेनाने लिहा आणि वरून कोरडी इस्त्री फिरवा. साधं बॉलपेन धुण्यात पसरतं. जुनी लोहयुक्त शाई तर अजिबात नको, ती अक्षरांच्या आकारात कापड खाते.

धुताना गोधडी मोठ्या टबात बुडवून दाबा, पिळू नका. बाहेर काढताना खाली चादर धरून उचला आणि सावलीत आडवी पसरा. दोरीवर टांगली की पाण्याचं सगळं वजन वरच्या ओळीतल्या शिवणींवर येतं.