श्टिश म्हणजे ‘हात’, मग हांट म्हणजे काय?

कोरापान: स्काट या जर्मन पत्त्यांच्या खेळाचे नियम मराठीत लिहितोय आणि ‘श्टिश’पाशी अडलोय. तिघं एकेक पान टाकतात, वरचढ पानवाला तिन्ही उचलतो, तो श्टिश. म्हणजे आपला ‘हात’. पण ‘हांट’, शब्दशः हात, ही स्काटमध्ये वेगळी संज्ञा आहे. पानं 32, तिघांना दहा-दहा, मध्ये दोन पालथी, तोच स्काट. बोली जिंकणारा ती दोन घेतो आणि कुठलीही दोन खाली ठेवतो. ती न घेताच खेळला तर हांटश्पील, आणि डावाची किंमत ठरवणाऱ्या पटींत एकाची भर पडते. ग्रांड म्हणजे फक्त चार गुलाम हुकूम असलेला डाव. आता ‘ग्रांड हातावर खेळून सगळे हात केले’ हे कोणाला कळेल?

उतारी: श्टिशला ‘हात’च ठेवा. पाच-तीन-दोन खेळणारं पोरही ‘पाच हात करायचे’ म्हणतं. बदलायचंच तर हांटश्पीलला ‘न उचलता’ म्हणा.

मोत्याची सर: श्टिशला ‘सर’ का नको? किल्ला सर करतात, तशी तीन पानं सर केली.

उतारी: हिंदीत म्हणतात. मराठी डावात ‘सर’ ऐकू येत नाही. कोशातला शब्द डावात चालत नाही.

हिशेबनीस: ‘न उचलता’ने नवशिका फसेल. न उचललेली पानंही बोली लावणाऱ्याचीच असतात. त्यांचे गुण त्याला मिळतात आणि त्यातला गुलामही मोजला जातो. समजा इस्पिक हुकूम, हांट. किलवर आणि इस्पिक गुलाम नाहीत, बदामचा आहे. वरचे दोन गुलाम नाहीत, म्हणून ‘दोनाविना’; खेळाचा एक धरून तीन, हांटचा एक धरून चार पटी. इस्पिकची मूळ किंमत 11, म्हणून 44. तुम्ही 40 पर्यंत बोली नेलीत. शेवटी स्काटमधून किलवर गुलाम निघाला! आता सर्वांत वरचा एक गुलाम आहे, म्हणून ‘एकासह’, खेळ दोन, हांट तीन, म्हणजे 33. बोलीला पुरत नाही. 120 पैकी जिंकायला लागणारे 61 गुण झाले असले तरी डाव गेला, आणि 44 ची दुप्पट, 88, वजा. म्हणून ‘बंद स्काट’ म्हणा. पानं आहेत, फक्त झाकलेली आहेत, हे त्यातून कळतं.

उतारी: ‘बंद स्काट’ चांगलं आहे. पण ‘बंद ग्रांड’ म्हटलं की खेळच बंद पडल्यासारखं वाटतं.

देशीवाण: मग निदान बाकीचे शब्द तरी मराठी असू द्या. ग्रांड, हांट, स्काट, सगळं उसनं!

मोत्याची सर: हुकूम अरबी, किलवर डच ‘क्लावर’वरून आलेला. पत्त्यांच्या भाषेतून उसनं काढलं तर हातात काय उरेल? दोन नवे शब्द आले तर येऊ देत.

देशीवाण: ते शब्द पिढ्यान्‌पिढ्या खेळून आपले झाले. हांट अजून कोणी खेळलेलं नाही. हा फरक मोठा आहे.

सोंगट्या: त्याहून मोठी अडचण चित्रांची आहे. स्काट 1810 च्या दशकात थुरिंगियातल्या आल्टेनबुर्गला घडला, तो जर्मन पानांवर. त्यांत राणी नसतेच! राजा, ओबर, उंटर, तिघेही पुरुष. ओबरला ‘राणी’ कसं म्हणणार? सावंतवाडीच्या गंजिफात राजाखाली प्रधान असतो. ओबरला ‘प्रधान’ अगदी बरोबर बसेल.

उतारी: स्पर्धांच्या पानांवर राणी असते. इस्पिक हिरवं आणि चौकट पिवळी, म्हणजे रंग जर्मन आणि चित्रं फ्रेंच. ‘प्रधान’ लिहिलंत तर ती पानं हातात घेतलेला माणूस शोधत बसेल.

हिशेबनीस: गुलामाबद्दलही टीप हवी. तीनशेचारमध्ये गुलाम वरचा आणि 30 गुणांचा. स्काटमध्येही तो वरचा, पण गुण फक्त 2, आणि चारही गुलाम कायम हुकूम (नुल, म्हणजे एकही हात न करण्याचा डाव, सोडून). तीनशेचारच्या सवयीने बदाम गुलामाला बदाम समजून उतारी केली, तर समोरच्यांना हुकूम टाकावा लागतो आणि डावच फिरतो.

देशीवाण: त्या पानाला जर्मनमध्ये ‘बूबे’ म्हणतात, म्हणजे पोरगा. मग ‘गुलाम’ कशाला?

मोत्याची सर: अरबीत ‘गुलाम’चा मूळ अर्थ पोरगाच आहे. याहून नेमका शब्द सापडायचा नाही.

सोंगट्या: बूबेला नेमका, पण उंटरला नाही. उंटर म्हणजे हाताखालचा अंमलदार. जुन्या पानांसाठी ‘हवालदार’ लिहा.

देशीवाण: ‘हवालदार’ही अरबी-फारसीच.