पंखाची मोठी असेंब्ली ऑफिसच्या साध्या पीसीवर बघायची आहे, काय घ्यावं?

शेंद्रा_फिक्स्चर : विमानाच्या पंखाच्या एका भागासाठी ड्रिल फिक्स्चर (भोकं पाडताना पार्ट धरून ठेवणारी चौकट) बनवायची आहेत. ग्राहकाकडून स्टेप एपी २४२ फाइल (कुठल्याही कॅडमध्ये चालणारा ३डी फॉरमॅट) आली, १.८ जीबी. पाच पीसी आहेत : आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फाइल उघडतानाच अडकते. फिरवून बघणं, सेक्शन कापणं, भोकांची मापं घेणं, एवढंच काम. सगळं मिळून ४० हजारांत बसवायचंय.

वाळूजकर : दादा, ग्राफिक्स कार्डाशिवाय हे होत नसतं. आमच्याकडे आरटीएक्स ए२००० आहे, अख्खी असेंब्ली लोण्यासारखी फिरते. ४० हजारांचा हट्ट सोडा.

जालना_आयटी : कार्ड नंतर. उघडतानाच अडकतंय म्हणजे रॅम संपतेय. स्टेप ही साध्या मजकुराची फाइल, त्यात पृष्ठभागांची गणितं असतात. ती वाचून आधी सॉलिड (भरीव आकार) बांधायचे, मग पडद्यावर दाखवायला त्रिकोण पाडायचे. याला फाइलच्या कितीतरी पट मेमरी लागते. कमी पडली की विंडोज डिस्क वापरायला लागतं आणि सगळं ठप्प. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट भरलेत ते बघा. दोनपैकी एकच भरला असेल तर त्याच वेगाची दुसरी पट्टी लावा. ड्युअल चॅनेल झालं की आतल्या ग्राफिक्सलाही वेग येतो, कारण तेही हीच रॅम वापरतं.

आणि फाइल सर्व्हरवरून उघडू नका. १०० एमबीपीएसचा जुना स्विच असेल तर १.८ जीबी नुसती यायलाच अडीच मिनिटं जातात. आधी एसएसडीवर कॉपी करा.

लातूर_कॅड : पण स्टेप कामून उघडायची? ग्राहकाकडून जेटी मागवा, ३डी बघण्यासाठीचा हलका फॉरमॅट. आयएसओ १४३०६ आहे, कुणी नाही म्हणणार नाही. त्यात त्रिकोण आधीच पाडलेले असतात, लांबून बघताना कमी, जवळ गेलं की जास्त. ते बघायचं सॉफ्टवेअर जेटी-टू-गो फुकट आहे, सेक्शन अन् मापं दोन्ही होतात.

नांदेडचा_टूलमेकर : मापांचं जपून, भाऊ. त्रिकोणांवर घेतलेलं माप खरं नसतं. ४.८ मिमीचं रिव्हेटचं भोक ०.२ मिमी विचलनाने (त्रिकोण मूळ गोलाईपासून जास्तीत जास्त तेवढे दूर) त्रिकोणांत मोडलं तर पडद्यावर चक्क अष्टकोन दिसतो. समोरासमोरच्या सपाट बाजूंत मोजलं तर ४.४३ येतं. त्यावर ड्रिल बुश (ड्रिलला वाट दाखवणारी नळी) काढला तर पार्ट गेला. विचलन ०.०२ केलं तर पंचवीसेक बाजू होतात आणि चूक ०.०४ वर येते, पण फाइल फुगते.

लातूर_कॅड : म्हणूनच जेटी मागताना 'बी-रेपसकट द्या' (म्हणजे पृष्ठभागांच्या मूळ गणितांसकट) असं लिहून मागायचं. मग माप मूळ पृष्ठभागावरून घेता येतं. नुसते त्रिकोण आले तर परत पाठवा.

वाळूजकर : रिव्हेट, वॉशर सगळे काढून टाका, निम्मी फाइल हलकी होईल. त्यांचे पार्ट नंबर एनएएस, एमएस, एचएल ने सुरू होतात, फिल्टर लावा. तरी कार्ड लागेलच.

नांदेडचा_टूलमेकर : काढू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा. रिव्हेटचं डोकं लोकेटरला (पार्ट जागेवर बसवणाऱ्या आधाराला) आडवं येतं का ते तपासावंच लागतं. फाइलचे तुकडे करताना ओरिजिन (शून्य बिंदू) तर अजिबात हलवू नका. फिक्स्चरचे टूलिंग बॉल (मोजणीसाठी बसवलेले अचूक गोळे) विमानाच्या अक्षांवरूनच मोजले जातात. तुकडा शून्यावर आणून ठेवला की पुढचे सगळे आकडे चुकले.

जालना_आयटी : रॅमच वाढवा. आणि ऑनलाइन व्ह्यूअरवर ही फाइल चढवू नका, ग्राहकाच्या गोपनीयतेच्या कराराचा भंग होतो.

शेंद्रा_फिक्स्चर : सगळ्यांचे आभार. जेटी मागवली, पण ते स्टेपच देणार म्हणाले. म्हणून ६४ जीबीचं एक जुनं झिऑन वर्कस्टेशन घेतोय. तिथे स्टेप एकदाच उघडून रिबप्रमाणे (पंखाच्या आतल्या फासळ्यांप्रमाणे) तुकडे करणार, बाकी पाच पीसी आहेत तसेच.

जालना_आयटी : नका घेऊ. स्टेप वाचताना मुख्यतः एकच कोअर राबतो, आणि जुन्या झिऑनचा एका कोअरचा वेग कमी. पॉवर सप्लायही कंपनीच्या खास मापाचा, बिघडला तर बाजारात लवकर मिळत नाही.

शेंद्रा_फिक्स्चर : वेळ लागू द्या, रात्री लावून ठेवू. मेमरी संपायला नको, एवढंच बघितलं. टोकन दिलंय.

नांदेडचा_टूलमेकर : मग त्या वर्कस्टेशनमधली रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरची) रॅम आय-५ मध्ये घालायला जाऊ नका, मशीन चालूच होणार नाही. आणि सोबत यूपीएस घ्या, रात्री वीज गेली तर सगळं वाचन पहिल्यापासून.