विषय: गणपतीला गावी जाताना – बटन सेल आणि लहान मुलं

नमस्कार मंडळी,
यंदा चतुर्थीला सासरी देवगडला जातोय. लेक पावणेदोन वर्षांची, हाताला लागेल ते तोंडात. सासूबाई म्हणतात, "काही गिळलंच तर केळी चारायची, सकाळी पडतं बाहेर." हे खरं का?
– देवगडची सून

बाय,
सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. चिंचोका, करवंदाची बी, एखादा मणी पोटात उतरला की बहुतेक वेळा शीवाटे निघून जातो, केळी खा अगर न खा. नाण्यासारख्या चपट्या बटन सेलचं तसं नाही, आणि माझा जीव तिथेच अडकतो.

सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे करंट सुरू होतो, निगेटिव्ह बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि आतलं मांस जळायला लागतं. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. संपला म्हणून काढून ठेवलेला सेलसुद्धा जाळतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. रुपयाच्या नाण्याएवढा, २० मिलिमीटरचा सीआर २०३२ सगळ्यात वाईट, कारण तो लहानग्यांच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो.

गणपतीच्या घरात तो कुठे असतो? मखराच्या छोट्या माळांत, लुकलुकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्यांत, जत्रेतल्या चमकत्या खेळण्यांत, गाडीच्या चावीत. झाकणाला स्क्रू आहे का बघ. नखाने उघडत असेल तर ती वस्तू लेकीच्या खोलीत नको.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. लाळ गळते, पोर खात नाही, खोकते. कधी काहीच दिसत नाही. उलटी करवू नका, खाऊपिऊ घालू नका. वर्ष उलटलेलं मूल असेल, गिळताना त्रास नसेल आणि बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी चहाचे दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही. मधासाठी गाडी मात्र थांबवायची नाही.

देवगडहून गोव्यात बांबोळीला असलेलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, दोन तासांत गाठणं कठीण. म्हणून लहान मुलांची एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून आत बघणं, जवळ कुठे होते, एवढी चौकशी दिरांना आत्ताच करायला सांग. १०८ घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

शेंगदाणे, काजू अख्खे किंवा तुकडे करूनही देऊ नकोस. ते श्वासनलिकेत जातात. ठसका लागला आणि पोर जोरात खोकत असेल तर खोकू दे. आवाजच बंद झाला तर पाठीवर पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच दाब, आळीपाळीने. तोंडात न बघता बोट घालायचं नाही.
– कुडाळची काकू

काकू, दिरांना फोन केला, ते विचारून सांगतायत. मखराला प्लगची माळ आणायला सांगितली. थोरल्या पुतण्याकडे चुंबकाचे बारीक गोळे आहेत, त्यांचं काय?

ते घरातच नकोत गो. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून चिकटतात आणि भोक पाडतात. पोर "एकच गिळला" म्हणालं तरी लगेच एक्स-रे काढा.