वर्षभरासाठी बर्लिन: सात आणि साडेतीन वर्षांच्या मुलांना सोबत न्यावे का?

विचारणा – पुणेकर_आई

नमस्कार. माझ्या पतींना त्यांच्या कंपनीने येत्या ऑगस्टपासून वर्षभर बर्लिनच्या कार्यालयात काम करण्याची संधी देऊ केली आहे. आमची मुलगी सात वर्षांची असून जूनमध्ये दुसरीत जाईल. तिची शाळा सेमी-इंग्रजी आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा असून घराजवळच्या बालवाडीत जातो. मी बँकेत नोकरी करते. वर्षभराची बिनपगारी रजा मिळण्याची शक्यता आहे, परंतु ती अजून लेखी मंजूर झालेली नाही. सासू-सासरे आमच्यासोबत राहतात आणि धाकट्याला त्यांचा फार लळा आहे.

पतींचे म्हणणे असे की एकच वर्ष आहे, तर सर्वांनी मिळून जावे. सासऱ्यांना वाटते की ज्या वर्षात मुलीचे मराठी वाचन-लेखन पक्के व्हायचे, नेमके तेच वर्ष परक्या भाषेत गेले तर परत आल्यावर ती वर्गात मागे पडेल. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळेच निर्णय होत नाही. जर्मनचा एक शब्दही न येणाऱ्या मुलांना तिथल्या शाळेत कसे सामावून घेतात, बालवाडीत जागा मिळते का आणि परतल्यावर इथे प्रवेशाला अडचण येते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. पतींनी एकट्याने जावे, हा पर्यायही आम्ही अजून सोडलेला नाही.

उत्तर – बर्लिन_मराठी

ताई, आम्ही काही वर्षांपूर्वी याच वयाच्या मुलांना घेऊन बर्लिनला आलो. माझ्या मते आपला निर्णय शाळेवर अवलंबून नसून आपल्या रजेवर अवलंबून आहे, कारण पहिले तीन महिने घरातील एक मोठे माणूस पूर्णपणे मोकळे असल्याशिवाय इथे लहान मुलांची घडी बसत नाही.

बालवाडीपासून सुरुवात करते. इथे तिला किटा म्हणतात. मूल एक वर्षाचे झाल्यापासून किटातील जागेवर त्याचा कायदेशीर हक्क असतो. ही तरतूद संपूर्ण जर्मनीत ऑगस्ट 2013 पासून लागू आहे. बर्लिनमध्ये तर किटाचे मूळ शुल्कही माफ आहे आणि जेवणासाठी महिन्याला 23 युरो तेवढे भरावे लागतात. मात्र त्यासाठी युगेंडआम्ट या बाल-युवा कल्याण कार्यालयाकडून किटा-गुटशाईन नावाचे पत्र मिळवावे लागते आणि नंतर आपल्या भागात जागा आपणच शोधावी लागते. जागा मिळाली तरी मुलाला पहिल्या दिवशी दारात सोडून निघता येत नाही. सुरुवातीला आई किंवा वडील वर्गात सोबत बसतात, मग थोडा वेळ बाहेर जाऊन परत येतात आणि मुलाचा शिक्षिकेवर विश्वास बसेल त्या गतीने तो वेळ वाढवला जातो. याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काही मुलांना त्याहून अधिक. आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मुलासाठी ही पद्धत मला मनापासून आवडली, कारण तिथे रडणाऱ्या मुलाला आत ओढून दार लावून घेत नाहीत. परंतु नवीन नोकरीवर रुजू झालेल्या वडिलांना एवढा वेळ काढता येणार नाही, हे गृहीत धरावे.

मुलीच्या बाबतीत प्रवेशाची चिंता करू नये. जर्मनीत शालेय शिक्षण सक्तीचे आहे आणि घरी शिकवून ती अट पूर्ण होत नाही. त्यामुळे शाळा देणे ही प्रशासनाची जबाबदारी ठरते. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी बर्लिनमध्ये स्वतंत्र स्वागतवर्ग आहेत, पण पहिली-दुसरीच्या वयाच्या मुलांना सहसा थेट नेहमीच्या वर्गातच बसवतात आणि मला तेच योग्य वाटते. सरकारी शाळेत शुल्क नाही, सहावीपर्यंत दुपारचे जेवण विनामूल्य आहे आणि विद्यार्थ्यांना शहरातील बस व रेल्वेचा पासही विनामूल्य मिळतो. शाळा सुटल्यावर चार वाजेपर्यंत किंवा त्यानंतरही मुलांना सांभाळणारी होर्ट नावाची सोय असते. तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो. नवीन भाषेत पडलेले मूल कित्येक आठवडे, कधी काही महिने, वर्गात एक शब्दही बोलत नाही. ते ऐकत असते, समजून घेत असते. अशा वेळी घरी रोज “आज जर्मन बोललीस का?” असे विचारणे टाळावे.

या साऱ्याच्या मुळाशी घराचा पत्ता आहे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. त्याशिवाय किटाचे पत्र आणि शाळा पुढे सरकत नाहीत. वर्षभरासाठी आपण फर्निचरसह घर घ्याल आणि घ्यावेही, कारण रिकाम्या घरात इथे अनेकदा स्वयंपाकघराचा ओटाही नसतो. परंतु थोड्या मुदतीच्या काही घरांत नोंदणीला मालक परवानगी देत नाहीत. म्हणून अनामत रक्कम पाठवण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे. नोंदणीची वेळ मिळायलाही बर्लिनमध्ये थांबावे लागते. ती पुण्यातूनच ऑनलाइन शोधू लागावे.

उत्तर – प्राथमिक_शिक्षिका

आपल्या सासऱ्यांच्या काळजीबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण ती रास्त आहे, मात्र तिच्यावर उपाय आहे.

प्रवेशाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये वयानुरूप वर्गात प्रवेशाचे तत्त्व आहे, त्यामुळे बर्लिनमधील वर्षानंतर मुलीला पुन्हा दुसरीत बसवण्याचे कारण नाही. अडचण येते ती विशिष्ट खासगी शाळेतील जागेची. आपल्या मुख्याध्यापकांना भेटून, नाव पटावर ठेवता येईल की शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा लागेल आणि पुढील वर्षी जागा मिळेल का, हे लेखी घ्यावे. तिथून निघताना वर्षअखेरीचे प्रगतिपत्रक आणि त्याचे भाषांतर सोबत आणावे. बर्लिनचे शालेय वर्ष जुलैच्या सुमारास संपते आणि आपल्याकडे वर्ग जूनच्या मध्यावर भरतात, म्हणून ती तिसरीत काही आठवडे उशिरा बसेल. एवढा उशीर सहज भरून निघतो.

खरी उणीव मराठी वाचनात राहते. सात वर्षांचे मूल जोडाक्षरांपाशी पोहोचलेले असते आणि तिथे वर्षभराचा खंड पडला तर अक्षरे ओळखता येतात, पण वाचनाचा वेग जातो आणि वेग गेला की गोडीही जाते. इंग्रजीचेही तसेच होईल, कारण बर्लिनच्या शाळांत पहिली परकी भाषा तिसरीपासून सुरू होते. माझी सूचना अशी की बालभारतीची दुसरीची पुस्तके, जी ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, ती घेऊन आजोबांनीच रोज वीस मिनिटे दूरध्वनीवर नातीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. बर्लिन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. मुलगी चार वाजता घरी आली तर इथे रात्रीचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात, म्हणजे आजोबा जेवणातून मोकळे होण्याची वेळ. पाढेही मराठीतच म्हणवून घ्यावेत. गणिताची मला काळजी वाटत नाही.

परत आल्यावर जर्मन फार झपाट्याने जाईल, याची मात्र मनाची तयारी ठेवावी. ती टिकवण्यासाठी लगेच शिकवणी लावून मुलीवर तिसरा भार टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ_ठाणे

आरोग्यापुरते थोडे लिहितो. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत शाळेत किंवा किटात जाणाऱ्या मुलांसाठी गोवरप्रतिबंधक लसीचा पुरावा सक्तीचा आहे आणि आपल्या दोन्ही मुलांच्या वयाला दोन मात्रा नोंदलेल्या असाव्या लागतात. लसीकरणाच्या पुस्तिकेत लसीचे नाव, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का स्पष्ट आहे ना, हे आताच तपासावे. अनेक पुस्तिकांत नुसती बरोबरची खूण असते, ती पुरणार नाही. मुलांना बीसीजी ही क्षयप्रतिबंधक लस दिलेली असेल तर तेही तिथल्या डॉक्टरांना सांगावे, कारण जर्मनीत 1998 पासून तिची शिफारस केली जात नाही आणि क्षयाच्या त्वचाचाचणीचा अर्थ लावताना ही माहिती उपयोगी पडते.

पहिल्या हिवाळ्यात धाकट्याला वारंवार सर्दी-ताप येईल. नव्या बालवाडीत कुठेही तसेच होते. तिथले डॉक्टर साध्या विषाणूजन्य तापाला प्रतिजैविके देत नाहीत आणि ते योग्यच आहे. इथून अशी औषधे भरून नेऊ नयेत. दवाखाना बंद असताना 116117 आणि तातडीच्या प्रसंगी 112 हे क्रमांक आहेत. आरोग्यविमा तिथल्या सरकारी योजनेतला असेल की खासगी, हे कंपनीला आधी विचारावे, कारण सरकारी योजनेत कमावत्या व्यक्तीच्या विम्यात मुले आणि न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता सामावतात.

पुणेकर_आई

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षिकाताईंचे उत्तर मी सासऱ्यांना वाचून दाखवले आणि वाचनाची जबाबदारी त्यांनी आनंदाने स्वीकारली. आता दोनच शंका उरल्या आहेत. रजा वर्षाऐवजी सहा महिन्यांचीच मिळाली तर काय करावे? आणि सासू-सासऱ्यांनी यायचे झाल्यास कधी यावे?

उत्तर – बर्लिन_मराठी

रजा सहा महिन्यांची असेल तर मुलांना इथे शाळेत घालू नये, असे मी ठामपणे सांगेन. फेब्रुवारीत, म्हणजे मुले नुकती बोलू लागलेली असताना, आपल्याला परतावे लागेल. मग एक तर पतींना दोन्ही मुले एकट्याने सांभाळावी लागतील, नाही तर मुले वर्षाच्या मध्यावर दुसऱ्यांदा शाळा बदलतील. त्यापेक्षा पतींनी एकट्याने यावे आणि आपण मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत आणावे. डिसेंबरची सहल मात्र टाळावी. तेव्हा इथे दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो.

पूर्ण वर्षाची रजा मिळाली, तर आजी-आजोबांनी पहिल्या दोन महिन्यांत येऊ नये. धाकट्याला किटात रुळायचे असताना आजी घरी आहे हे कळले, तर तो सकाळी घराबाहेर पडायलाच तयार होणार नाही. एप्रिल ते जून हा काळ उत्तम. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, 180 दिवसांच्या कालावधीत 90 दिवस राहता येते आणि त्यासाठी किमान 30,000 युरो संरक्षणाचा प्रवासविमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे एप्रिलमध्ये यायचे असेल तर कागदपत्रे दिवाळीनंतर लगेच गोळा करायला घ्यावीत.